इंजेक्शननंतर पडद्यावरच्या नवीन रक्तवाहिन्या सुकल्या, मग लेझर कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ५८ वर्षांचे, मधुमेह १४ वर्षांचा. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या वाढल्या म्हणून अव्हास्टिनचं इंजेक्शन दिलं. दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले की वाहिन्या छान सुकल्यात, आता लेझर करून घेऊ. नजर मात्र होती तेवढीच आहे. वाहिन्या गेल्याच असतील तर लेझर कशाला, त्या परत येतात का, आणि नजर का सुधारली नाही?

आधी सरळ उत्तर देते. वाहिन्या सुकल्या हे खरं आहे, पण त्या इंजेक्शनचा परिणाम टिकेल तेवढ्याच काळासाठी सुकल्या आहेत. ज्या कारणाने त्या उगवल्या ते कारण डोळ्यात तसंच आहे. म्हणून लेझर टाळू नका, आणि 'आता बरं आहे' म्हणून पुढची तारीख तर अजिबात चुकवू नका.

हे का, ते समजून घ्यायचं तर वाहिन्या उगवतात कशा इथून सुरुवात करावी लागेल. मधुमेहात पडद्याच्या केशवाहिन्या हळूहळू बंद पडतात. पडदा हा शरीरातल्या सर्वात जास्त प्राणवायू खाणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. रक्त न मिळालेला भाग लगेच मरत नाही, तो उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडत राहतो. असा काही पदार्थ उपाशी पडद्यातून झिरपत असावा, हा अंदाज मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. व्हीईजीएफ प्रत्यक्ष ओळखलं गेलं १९८९ मध्ये, आणि अशा रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात ते वाढलेलं असतं हे १९९४ मध्ये मोजून दाखवलं गेलं. या प्रथिनाच्या हुकमाने नवीन वाहिन्या फुटतात, पण चुकीच्या जागी: पडद्याच्या आत न जाता त्याच्या पृष्ठभागावर, व्हिट्रिअस म्हणजे डोळ्यातल्या पारदर्शक जेलीच्या मागच्या बाजूला धरून. त्यामुळे उपाशी भागाला त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. भिंती कच्च्या असल्यामुळे त्या गळतात, आणि जेली आक्रसून त्यांना ओढू लागली की फुटतात. वडिलांच्या रिपोर्टवर 'एनव्हीडी' लिहिलं असेल तर या वाहिन्या दृष्टिचेतेच्या तोंडावर आहेत, 'एनव्हीई' असेल तर इतरत्र. एनव्हीडी जास्त धोक्याची.

आता इंजेक्शन. अव्हास्टिनचा डोस १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.०५ मिलिलिटर. ते डोळ्यातलं मोकळं व्हीईजीएफ पकडून निकामी करतं. परिणाम फार झपाट्याने दिसतो: एक-दोन दिवसांत गळती कमी होते, आठवडाभरात वाहिन्या बारीक होतात, कित्येक ठिकाणी दिसेनाशा होतात. बुबुळावर वाहिन्या आल्या असतील तर त्याही काही दिवसांत मावळतात. हा बदल इतका ठळक असतो की घरच्यांना आजार संपला असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण आत काय होतं ते पाहा. नव्या वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी व्हीईजीएफवर जगतात. ते तुटलं की त्या मरतात आणि रक्ताचा प्रवाह थांबतो. मात्र त्यांच्याभोवतीचं पातळ आवरण रिकाम्या नळीसारखं मागे राहतं. औषध उतरल्यावर व्हीईजीएफ पुन्हा वाढलं, की नव्या पेशी याच रिकाम्या नळ्यांमधून सरकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही वाढ काही दिवसांतच परतलेली दिसली आहे. माणसाच्या डोळ्यात इंजेक्शनचा परिणाम साधारण चार ते सहा आठवडे, काहींत तीन महिन्यांपर्यंत टिकतो. आणि बंद पडलेल्या मूळ केशवाहिन्या? त्या इंजेक्शनने उघडतील असं धरून चालू नका. फ्लुओरेसिन अँजिओग्राफी (हाताच्या शिरेत रंगद्रव्य देऊन पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) पुन्हा केली तर गळणारे पांढरे झुबके गेलेले दिसतात, पण रक्त नसलेले काळे पट्टे जिथल्या तिथे असतात. तुमच्या डॉक्टरांना लेझरची घाई आहे ती त्या काळ्या पट्ट्यांसाठी.

लेझर, म्हणजे पीआरपी, वाहिन्यांवर मारत नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. लेझरचे डाग पडद्याच्या मधल्या आणि कडेच्या भागावर विखरून देतात. त्या ठिकाणच्या प्रकाशग्राही पेशी नष्ट होतात. पडद्यातला बहुतेक प्राणवायू याच पेशी खातात, त्यामुळे मागणी कमी होते आणि मागच्या कोरॉइडच्या थरातला प्राणवायू त्या डागांमधून आतल्या थरापर्यंत पोचू लागतो. उपासमार कमी, तर व्हीईजीएफ कमी. कडेचा काही भाग देऊन मधली नजर राखायची, असा हा सौदा आहे. तो कटू आहे, पण अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी स्टडीने १९७६ मध्ये दाखवलं की लेझरने गंभीर अंधत्वाचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, आणि तो निष्कर्ष आजवर टिकून आहे.

लेझरचा परिणाम सावकाश येतो. दोन-तीन आठवड्यांनी वाहिन्या आक्रसायला लागतात, आणि निकाल लावायचा तो सहा ते बारा आठवड्यांनी. म्हणून धोक्याच्या डोळ्यात दोन्ही वापरणं शहाणपणाचं: इंजेक्शन आज आग दाबतं आणि लेझर लागू पडेपर्यंतचे आठवडे भरून काढतं. आणखी एक फायदा आहे. लेझरमुळे मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मधोमधच्या बारीक नजरेच्या भागाची, सूज तात्पुरती वाढू शकते. आधी इंजेक्शन दिलेलं असेल तर ती कमी वाढते.

प्रत्यक्षात काय होईल ते सांगते, म्हणजे वडील घाबरणार नाहीत. बाहुली मोठी करण्याचे थेंब, मग भूल देणारे थेंब, मग डोळ्यावर एक भिंग टेकवून बसायचं. जुन्या पद्धतीत ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० डाग, प्रत्येकी ०.१ सेकंदाचे, दोन ते चार बैठकांत देतात. पॅटर्न लेझरमध्ये एका दाबात अनेक डाग पडतात आणि प्रत्येक फक्त ०.०२ सेकंदाचा असतो. दुखतं कमी, पण डाग लहान आणि उथळ असल्यामुळे संख्या बरीच जास्त लागते, दोन-अडीच हजार किंवा त्याहून अधिक. इथे एक चूक नेहमी होते: पॅटर्न लेझरने जुन्याच आकड्याएवढे डाग देऊन 'लेझर पूर्ण' लिहिलं जातं आणि वाहिन्या हटत नाहीत. तुम्ही एकूण डागांची संख्या आणि लेझरचा प्रकार कागदावर लिहून मागा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्या एका ओळीचा फार उपयोग होतो.

पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाला सहसा आधी लेझर देतात, कारण मध्येच रक्तस्राव झाला तर रक्त खाली साचतं आणि तो भाग झाकला जातो. डोळ्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ असतात त्या रेषेवर, नसा जात असल्यामुळे तिथे जास्त दुखतं. सहन होत नसेल तर सांगायचं. डोळ्याच्या मागे भुलीचं इंजेक्शन देता येतं. दुखतं म्हणून ताकद कमी करत नेली तर डाग फिके पडतात आणि लेझर केल्यासारखं होऊन न केल्यासारखं राहतं. नंतर काही दिवस धूसर दिसतं. अंधारात जुळवून घ्यायला वेळ लागतो, कडेचं दिसणं थोडं कमी होतं. रात्री दुचाकी चालवत असतील तर हे आधीच बोलून घ्या.

'मग लेझर न करता नुसतं इंजेक्शन देत राहिलं तर?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या प्रोटोकॉल एस या चाचणीत ३९४ डोळ्यांवर लेझर आणि रॅनिबिझुमॅब (अव्हास्टिनसारखंच व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन) यांची तुलना झाली. दोन वर्षांचा निकाल २०१५ मध्ये आला, पाच वर्षांचा २०१८ मध्ये. मधली नजर दोन्ही गटांत सारखीच राहिली. इंजेक्शनच्या गटात कडेचं दिसणं जास्त टिकलं आणि मॅक्युलाची सूज कमी जणांना आली. सहा महिन्यांनी सुमारे निम्म्या डोळ्यांत नवीन वाहिन्या पूर्ण मावळलेल्या होत्या. पण पाच वर्षांत एका डोळ्याला सरासरी १९ इंजेक्शनं लागली, आणि चाचणीतल्या, सतत फोन करून बोलावल्या जाणाऱ्या रुग्णांपैकीही मृत्यू वगळता सुमारे एक तृतीयांश पाच वर्षं टिकले नाहीत.

नंतर आलेल्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली. उपचार अर्धवट सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या रुग्णांत, ज्यांना फक्त इंजेक्शनं दिली होती ते परत आले तेव्हा त्यांची नजर लेझर झालेल्यांपेक्षा वाईट होती आणि पडदा ओढून सुटल्याचं प्रमाण जास्त होतं. लेझरचं काम रुग्ण न आला तरी चालू राहतं, इंजेक्शनचं थांबतं. म्हणून माझं मत ठाम आहे: गाव लांब, सोबत यायला माणूस नाही, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, पेरणीत किंवा लग्नसराईत तारीख पुढे जाणारच, अशी परिस्थिती असेल तर पूर्ण लेझर झालंच पाहिजे. महिन्याला न चुकता येणारा रुग्ण असेल आणि मॅक्युलाला सूज असेल, तर इंजेक्शनवर भर देऊन लेझर लांबवण्याचा विचार करता येतो.

आता नजर का वाढली नाही. नवीन वाहिन्या स्वतः नजर कमी करत नाहीत, त्या फुटल्या किंवा त्यांनी पडदा ओढला की नजर जाते. तक्त्यावरच्या ओळी वाचता येणं अवलंबून असतं मॅक्युलावर. तिथे सूज असेल तर ओसीटीमध्ये, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, जाडी वाढलेली दिसते. अशा वेळी दर महिन्याला एक याप्रमाणे तीन ते सहा इंजेक्शनांनंतर नजरेत फरक पडू शकतो, एका इंजेक्शनवर निकाल लावू नये. सूज नसेल आणि मॅक्युलाच्याच केशवाहिन्या बंद पडल्या असतील, तर त्या नजरेला परत आणणारं औषध नाही. तुमच्या वडिलांना यातलं कोणतं आहे ते ओसीटी आणि अँजिओग्राफी पाहून डॉक्टर दोन मिनिटांत सांगू शकतील. हा प्रश्न अवश्य विचारा. वाहिन्यांवरचा उपचार यशस्वी झाला की नाही हे नजरेच्या तक्त्यावर मोजायचं नसतं. उरलेली नजर राखणं हेच त्याचं काम.

यशस्वी उपचारानंतर पडद्यावर काय दिसतं? प्रत्येक वाहिनी नाहीशी होत नाही. काही पांढऱ्या रेषा होतात, काहींच्या जागी पातळ तंतुमय पापुद्रा राहतो. रक्तप्रवाह थांबला, गळती नाही, नवा झुबका नाही, एवढं पुरेसं आहे. बरेच दिवस राहिलेल्या वाहिन्यांभोवती आधार देणाऱ्या पेशींचं कवच तयार झालेलं असतं. त्या इंजेक्शनला फारशा दाद देत नाहीत. ताज्या, लाल, जाळीदार वाहिन्या सर्वात लवकर मावळतात.

तीन महिन्यांनीही वाहिन्या जिवंत असतील तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: लेझर अपुरं. मोतीबिंदूमधून किंवा थोड्या रक्तातून दिलेले डाग फिके पडलेले असतात, नाहीतर अगदी कडेचा भाग राहून गेलेला असतो. वाइड-फील्ड अँजिओग्राफी करून मोकळ्या जागा शोधून भरायच्या. ते करूनही हटत नसेल तर रक्तदाब, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन बघावं. आणि एकाच डोळ्यात आजार दुसऱ्यापेक्षा फारच पुढे गेला असेल, तर त्या बाजूच्या मानेतल्या कॅरॉटिड धमनीचा डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करून घ्यावा. ती अरुंद असली तर सगळा डोळाच उपाशी असतो. बुबुळ आणि त्याचा कोन बाहुली मोठी करण्याआधी तपासायला हवा. तिथे वाहिन्या आल्या तर पाणी बाहेर जाण्याचा मार्ग बंद होऊन फार त्रासदायक काचबिंदू होतो, आणि त्या वेळी इंजेक्शनला एक दिवसही उशीर करत नाहीत.

इंजेक्शनचा एक धोका स्वतंत्र सांगायला हवा, कारण तो औषध लागू पडल्यामुळेच होतो. पडद्यावर आधीपासून जाड पांढरा पापुद्रा असेल, तर वाहिन्या सुकताना तो झपाट्याने आक्रसतो आणि पडद्याला ओढून सोडवतो. याला डॉक्टर 'क्रंच' म्हणतात. हे एक ते सहा आठवड्यांत घडतं, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आसपास. म्हणून असा पापुद्रा असलेल्या डोळ्यात इंजेक्शन देतात ते विट्रेक्टमीची (डोळ्यातली जेली आणि पापुद्रे काढण्याच्या ऑपरेशनची) तारीख ठरवून, ऑपरेशनच्या काही दिवस आधी. मग ऑपरेशनमध्ये रक्तही कमी येतं. सरळ रेषा अचानक वाकड्या दिसणं किंवा एका बाजूने काळी सावली आल्यासारखं वाटणं, याला वाट पाहायची नाही.

जंतुसंसर्ग दर काही हजार इंजेक्शनांत एखाद्याला होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. तो टाळतं पोव्हिडोन आयोडीन: ५ टक्क्यांचे थेंब डोळ्यात सोडून थोडा वेळ थांबायचं. आयोडीन झोंबतं म्हणून ते टाळायला सांगू नका. आधी तीन दिवस अँटिबायोटिक थेंब घालण्याची खरं तर गरज नसते. सुई काळ्या-पांढऱ्या भागाच्या सीमेपासून ४ मिलिमीटर मागे टोचतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर ३.५. अव्हास्टिनची कुपी १०० मिलिग्रॅमची, कर्करोगासाठी बनवलेली; तिच्यातून अनेक डोस वेगळे काढले जातात. ते निर्जंतुक जागी काढले गेले की नाही यावर सगळं आहे. एकाच दिवशी अनेकांना संसर्ग झाल्याच्या घटना सहसा याच टप्प्यावर घडतात, म्हणून डोस कुठून आणि कधी भरून येतात हे विचारायला संकोच करू नका. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग आणि एक-दोन दिवस तरंगणारे काळे बुडबुडे चालतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दुखणं वाढत जाणं, लाली वाढणं, नजर उतरणं चालत नाही; त्याच दिवशी जायचं, रविवार असला तरी. मागच्या काही महिन्यांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते इंजेक्शनआधी सांगा.

लेझरनंतरही एखाद्या दिवशी डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं किंवा धूर आल्यासारखं होऊ शकतं. वाहिन्या आक्रसताना थोडं रक्त सुटतं. याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही. पण तपासणी लगेच हवी, आणि आतलं दिसत नसेल तर सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना ते पाहायला हवं. डोकं उंच ठेवून झोपल्यास रक्त खाली बसायला मदत होते. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी बंद करू नका. ईटीडीआरएस या मोठ्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊनही डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता. रक्त काही आठवड्यांत ओसरलं नाही तर विट्रेक्टमी.

साखरेबद्दल एक सावधगिरी. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ११ वरून तीन महिन्यांत ७ वर आणली तर पडद्याचा आजार काही काळ उलट भडकू शकतो. इन्सुलिन नव्याने सुरू करताना आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवावं लागतं. साखर आणायचीच, पण मधुमेहाच्या डॉक्टरांना डोळ्यातल्या नव्या वाहिन्यांची माहिती देऊन, आणि लेझर आधी उरकून.

शेजारी-पाजारी कोणी सांगेल की आमच्या आजींना नुसत्या इंजेक्शनांवर ठेवलंय, लेझर नाही. त्यांना बहुधा वयोमानाचा मॅक्युलाचा आजार असेल. तिथे वाहिन्या पडद्याच्या खालून, कोरॉइडमधून येतात आणि ऐन मध्यभागी असतात; तिथे असं लेझर चालत नाही. आधी महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, मग अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेणं, हा तिथला शिरस्ता. तो अनुभव तुमच्या वडिलांना लावू नका.

राहिला डावा डोळा, ज्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. तिथे अजून नवीन वाहिन्या नसतील, पण चारही भागांत भरपूर रक्ताचे ठिपके, किंवा दोन भागांत मण्यांसारख्या फुगलेल्या शिरा, किंवा एका भागात पडद्याच्या आतल्याच वेड्यावाकड्या वाहिन्या, यांपैकी एक जरी असेल तरी तो गंभीर टप्पा धरतात. उपचार न केल्यास अशा डोळ्यांपैकी जवळपास निम्म्यांत वर्षभरात नवीन वाहिन्या येतात. उजव्या डोळ्याच्या लेझरच्या बैठकीलाच डाव्याचीही बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या, अँजिओग्राफी दोन्ही डोळ्यांची मागा, आणि पुढची तारीख दोन ते चार महिन्यांच्या आतली घ्या. त्या दिवशी वडिलांना गाडी चालवू देऊ नका. थेंबांचा परिणाम चार-सहा तास राहतो, सोबत कोणीतरी जा.